अ‍ॅडजस्ट कोणी करायचं?

'जरा अ‍ॅडजस्ट करा' हे आपलं खरं राष्ट्रीय बोधवाक्य आहे. राजमुद्रेखाली दुसरं एक कोरलेलं आहे, पण ते सणावारी. रोजच्या वापरात हेच. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली. त्याआधी आम्ही केळवे रोडची माणसं शटलमध्ये अ‍ॅडजस्ट होत होतो, त्यानंतर लोकलमध्ये होऊ लागलो. तिघांच्या बाकावर चौथा गृहस्थ येतो, हे वाक्य उच्चारतो, आणि आधीचे तिघे आपापली हाडं आवरून घेतात. चौथ्याची अर्धी बैठक बाकावर, अर्धी अधांतरी. बाक मात्र सुतभरही हलत नाही. इंग्रजांच्या भाषेत अ‍ॅडजस्ट करतात ती वस्तू. आपल्याकडे अ‍ॅडजस्ट होतो तो माणूस. शब्द विलायतेहून आणताना आपण त्यातला स्क्रू तिकडेच विसरून आलो.

हा लेख त्या बोधवाक्याच्या विरोधात आहे. आणि माझा मुख्य साक्षीदार आमच्या घराच्या पडवीत बसलेला आहे.

साक्षीदार म्हणजे माझ्या पुतण्याचा रेसिंग सिम्युलेटर. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. भंगारवाल्याकडून आणलेली एका जुन्या मारुतीची सीट, तिच्यापुढे स्टिअरिंग, खाली क्लच-ब्रेक-अ‍ॅक्सिलरेटर अशी तीन पायडलं, बाजूला गिअरचा दांडा, त्याला लागून उभा हँडब्रेक, एक बटणांची पेटी, आणि समोर पडदा. पडद्यावर शर्यतीचा रस्ता धावतो आणि पुतण्या जागच्या जागी घामाघूम होतो. गाडीचं सगळं आहे, फक्त चाकं आणि हप्ते नाहीत. सगळी चौकट आधी लोखंडी अँगलची होती. पण केळव्याच्या खाऱ्या हवेने दोन पावसाळ्यांत तिचा गेरू केला. आता अ‍ॅल्युमिनियमचे खाचा असलेले दांडे आहेत. खाचेत बोल्ट सैल करायचा, वस्तू सरकवायची, बोल्ट आवळायचा. पुतण्याच्या हातात दिवसभर पाना असतो. केळवे-माहीम हा भाग विड्याच्या पानासाठी प्रसिद्ध आहे. आमचं घर पान्यासाठी.

आई त्या यंत्राला 'रथ' म्हणते. बाकी गाव काय म्हणतं ते छापण्यासारखं नाही. शीतलादेवीच्या दर्शनाला निघालेली मंडळी वाकडी वाट करून पडवीत डोकावतात आणि प्रसादाआधी मत देऊन जातात. मतं दोनच. पहिलं : 'हे खेळणं आहे.' दुसरं, जास्त पोक्त : 'अरे, हँडब्रेक इथे काय नि तिथे काय! तीन आठवडे काय तोच सरकवतोस? जरा अ‍ॅडजस्ट कर की!'

पहिल्या मताचा हिशेब आधी चुकता करतो. यान मार्डनबरो नावाचा इंग्रज पोरगा असल्याच खेळण्यावर गाडी शिकला, खेळणाऱ्यांची स्पर्धा २०११ साली जिंकला, आणि २०१३ साली ल मांच्या चोवीस तासांच्या खऱ्या शर्यतीत आपल्या गटात तिसरा आला. २०२० साली करोनाने खऱ्या शर्यती बंद पाडल्या तेव्हा शार्ल लक्लेर, लँडो नॉरिस यांच्यासारखे फॉर्म्युला वनचे चालक घरच्या सीटवर बसून असल्याच शर्यती खेळत होते. आपल्याकडे नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वन २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं आली. तिन्ही वेळा सेबास्टियन फेटेल जिंकला आणि नंतर ती शर्यतच आली नाही. तो ५.१२५ किलोमीटरचा रस्ता माझा पुतण्या मात्र दर रविवारी पडवीत पूर्ण करतो. पेट्रोल शून्य, चलान शून्य. मी बी.कॉम. आहे, याहून किफायतशीर खेळणं मला जमाखर्चात सापडत नाही.

आता खरा वाद दुसऱ्या मताशी. 'इथे काय नि तिथे काय!'

हे म्हणणाऱ्या गृहस्थांना मी एकदाच जेवायला बोलावणार आहे. ताट असं वाढीन : मीठ मध्ये भाताच्या जागी, भात वर मिठाच्या जागी, लोणचं-चटणी उजवीकडे, भाजी-आमटी डावीकडे. मग म्हणेन, बसा, इथे काय नि तिथे काय! पहिला घास घ्यायच्या आत ते पानावरून उठतील. आपल्या आज्या-पणज्यांनी ताटातली जागा ठरवली ती काय नुसती शोभेसाठी? जे घासाघासाला लागतं ते जेवणाऱ्या हाताच्या बाजूला, जे बोटभर चाखायचं ते डावीकडे, मीठ मध्यावर. शर्यतीच्या सीटचा नियम अक्षरश: हाच आहे. जे वळणावळणाला लागतं ते हाताशी, जे शर्यतीत दोनदा लागतं ते हाताच्या टोकाशी, आणि जे लागतच नाही ते दुकानात.

शिवाय ही मांडणी मनास येईल तशी चालत नाही, तिला क्रम आहे. आधी सीट पक्की करायची. पुतण्याने पहिल्या दिवशी चाकांची खुर्ची लावली होती. त्याच्या ब्रेकच्या पोटात लोड सेल आहे; वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यात असतो तोच. पायडल किती खाली गेलं हे तो बघत नाही, पायाने किती जोर दिला ते मोजतो. वळण आलं, पोराने जीव खाऊन ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. चालकच खुर्चीसकट तुळशीवृंदावनापर्यंत मागे गेला. म्हणून आधी सीट. मग पायडल : पूर्ण दाबलं तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मग स्टिअरिंग : पाठ टेकवून हात लांब केला की मनगट चाकाच्या वरच्या कडेवर विसावलं पाहिजे. मग पडदा : डोळ्यांच्या उंचीला आणि जमेल तितका जवळ. तो टीव्हीसारखा लांब भिंतीवर टांगला की लहानशा चौकटीत सगळा रस्ता बसवण्यासाठी चित्राचा कोन ताणावा लागतो. मग जवळचं वळण लांब वाटतं आणि माणूस ते यायच्या आत जाऊन धडकतो. हे सगळं झाल्यावर गिअर आणि हँडब्रेक. आणि बटणं सर्वांत शेवटी, पंगतीत विडा यावा तशी.

गिअरवरून तर पडवीत महाभारत झालं. युरोप-अमेरिकेतल्या सीटचे फोटो बघून पुतण्याच्या मित्रांनी सांगितलं, गिअर उजव्या हाताला पाहिजे. का? तर तिकडे असतो! तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालते, चालक डावीकडे बसतो, म्हणून त्याचा गिअर उजव्या हाताला येतो. आपल्याकडे सगळं उलट. पायडलांचा क्रम तेवढा जगभर एक. पुतण्याने गिअर डावीकडेच ठेवला, कारण उद्या पालघरच्या फाटकाशी खरी गाडी चालवायची वेळ आली तर गिअर डावीकडेच सापडणार आहे. आपला हात जिथे जातो तिथे वस्तू असावी, वस्तू असेल तिथे आपण जाऊ नये, हे त्याला कळलं. आपल्याकडे नियोजनाची मोठमोठी मंडळं झाली, त्यांना कळलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, हे एका पोराचं वेड झालं. नाही साहेब. अमेरिकेच्या हवाई दलात १९५० साली हजारो वैमानिकांची मापं घेतली. ४,०६३ जणांच्या मापांतून उंची, छाती, हाताची लांबी अशी दहा मापं निवडली, प्रत्येकाची सरासरी काढली, आणि गिलबर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण संशोधकाने पाहिलं की दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे किती. उत्तर आलं शून्य. एकही नाही! सरासरी माणसासाठी बनवलेली सीट जगातल्या एकाही माणसासाठी बनलेली नव्हती. मला बी.कॉम.ला संख्याशास्त्रात सरासरी काढायला शिकवली, पण त्या सरासरीवर बसायला कोणी येत नाही हे शिकवलं नाही. मग तिकडे त्यांनी सीट आणि पायडलं मागेपुढे सरकणारी केली. वैमानिकांना 'जरा अ‍ॅडजस्ट करा' असं परिपत्रक काढलं नाही.

त्याच्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, बी-सतरा नावाची बाँबफेकी विमानं सुखरूप उतरल्यावर जमिनीवर पोटाशी बसत. वैमानिकांना पंखांच्या पट्ट्या मिटायच्या असत आणि ते चाकं मिटून मोकळे होत. सगळ्यांचं म्हणणं एकच : पोरं हलगर्जी! अल्फॉन्स चापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने खिडकीतून आत बघितलं, तर दोन्ही खटके शेजारी-शेजारी आणि दिसायला जुळे. त्याने चाकांच्या खटक्याला चाकाच्या आकाराची मूठ लावली आणि पट्ट्यांच्या खटक्याला पट्टीच्या. हाताला न बघता कळू लागलं. पुतण्याच्या गिअरची मूठ गोल आहे आणि हँडब्रेकची उभी, ती याचसाठी. आणि ज्यांना हे परदेशी शहाणपण वाटत असेल त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा उघडून बघावा. कढईत तेल तापलं की मोहरीला क्षणाचा उशीर चालत नाही. हात न बघता मोहरीवर जातो, मग हिंगावर, मग हळदीवर. तो डबा म्हणजे जगातली पहिली बटणांची पेटी. त्यातल्या वाट्यांची अदलाबदल करून बघा, मग घरात कोणाचं विमान पोटावर उतरतं ते कळेल.

ज्यांना अजूनही हा पोरखेळ वाटतो त्यांनी जरा उत्तरेला नजर टाकावी. तारापूरची अणुवीज १९६९ पासून आमच्या भागात आहे, म्हणून दुसऱ्या एका अणुकेंद्राची गोष्ट मी जरा लक्ष देऊन वाचली. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला एक झडप उघडी अडकली. समोरचा दिवा मात्र झडप बंद व्हायचा हुकूम गेला एवढंच सांगत होता. हुकूम पाळला गेला की नाही हे सांगायची सोयच नव्हती. सरकारी कचेरीत 'कागद पुढे पाठवला आहे' म्हणतात, तसं. आणि ज्या मापकावरून खरी गोष्ट कळली असती तो मुख्य फळीच्या मागच्या बाजूला लावलेला. समोर शंभरावर धोक्याचे इशारे एकदम वाजत-लुकलुकत होते. अणुभट्टीचा गाभा निम्म्याच्या आसपास वितळला. आता म्हणा : इथे काय नि तिथे काय!

दुसऱ्या बाजूची कानउघाडणीही करायला हवी, नाहीतर पुतण्या हा लेख फ्रेम करून लावेल. त्याच्या मित्रमंडळात एक पंथ आहे. तो मांडणी करत नाही, खरेदी करतो. सीट डुगडुगते आहे, पण बत्तीस बटणांची पेटी आली. पायडलं जमिनीवर घसरतात, पण स्टिअरिंगच्या मागे निळे दिवे लागले. त्या बत्तीसांतली चार बटणं वापरात आणि उरलेली अठ्ठावीस पाहुण्यांसाठी. आपल्या दिवाणखान्यातल्या शोकेससारखं हे. कपबशा काचेत, चहा स्टीलच्या पेल्यात. एक वस्तू आणावी, आठवडाभर वापरावी, तिची जागा हाताला विचारावी, मग दुसरी आणावी. फोटोसाठी केलेली मांडणी ही बाकाइतकीच निगरगट्ट असते, फक्त जास्त महाग.

आणि आता मुद्द्याचं. पडवीतल्या सीटपाशी मी इतका वेळ का थांबलो? कारण आमच्या पंचक्रोशीत बसणाऱ्याला विचारून केलेली ती एकमेव जागा आहे.

मी बोईसरला ज्या बँकेत काउंटरवर बसतो तिचं नाव सांगत नाही. तुमचं खातं आहे तीच समजा. तिथे पासबुक छापायचा प्रिंटर माझ्या पाठीमागे आहे. का? तर प्लग पाठीमागे आहे. आपल्या देशाचा खरा आर्किटेक्ट हा प्लग पॉइंट. त्यानेच आपला फ्रिज बैठकीच्या खोलीत आणला आणि मिक्सर देवघराशेजारी. दर पासबुकाला मी कमरेतून अर्धा वळतो. दिवसाला शंभर पासबुकं धरली तर शंभर अर्धी वळणं, म्हणजे पन्नास पूर्ण प्रदक्षिणा. एवढ्या शीतलादेवीला घातल्या असत्या तर प्रमोशन मिळालं असतं. माझ्या कीबोर्डवर आकड्यांत सात-आठ-नऊ वरच्या ओळीत, कॅलक्युलेटरसारखे. खिडकीतल्या कार्डाच्या यंत्रावर एक-दोन-तीन वरच्या ओळीत, टेलिफोनसारखे. १९६३ साली अमेरिकेत बटणांचा टेलिफोन आला तेव्हापासून ही दोन घराणी वेगळी आहेत, आणि दोघींचा सासुरवास माझ्या बोटांना. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "जरा अ‍ॅडजस्ट करा." साहेबांची खुर्ची वर-खाली होते, मागे झुकते, गोल फिरते. तिच्यावर दिवसभर कोणी बसत नाही. ते मीटिंगमध्ये असतात.

बँकेचं सोडा. आमच्या घरचा कडाप्पाचा ओटा घ्या. १९८६ साली घर बांधलं तेव्हा त्याची उंची चौतीस इंच ठरली. कोणी ठरवली? गवंड्याने. त्याची उंची पावणेसहा फूट, आणि त्याने जन्मात कांदा चिरलेला नाही. वडलांनी मान डोलावली. ते तर पाणी प्यायलासुद्धा स्वयंपाकघरात जात नसत. आई चार फूट नऊ इंच. ओटा चौतीस, त्यावर शेगडी, शेगडीवर पातेलं. आमटी उकळली की नाही हे बघायला तिला टाचा उंच कराव्या लागत. मग तिने ओट्याशी पाट ठेवला. पाटावर चढायचं, फोडणी टाकायची, उतरायचं, मोरीशी जायचं, परत चढायचं. त्या काळात शेअर बाजार चढला-उतरला नसेल इतकी आई चढली-उतरली. लोक कौतुक करायचे, "वहिनींनी किती अ‍ॅडजस्ट केलं!" तिचे गुडघे गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयोमान. गवंड्याचं नाव कोणी घेतलं नाही.

हे कोडं सोडवलं कोणी? सगळ्या गावाने खेळकर ठरवलेल्या पोराने. एके दिवशी तो टेप घेऊन आजीच्या मागे लागला आणि तिच्या कोपराची जमिनीपासून उंची मोजली. छत्तीस इंच. काम करायची पातळी कोपराच्या चार ते सहा इंच खाली असावी, असं त्याने सीटच्या नादात कुठेतरी वाचलं होतं. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनने भारतीय माणसांच्या मापांचं जाडजूड पुस्तक १९९७ साली काढलेलं आहे. तेव्हा मापं नव्हती, असं आता कोणी म्हणू नये. ओटा कापता येत नाही, पण जमीन वर आणता येते. त्याने उरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या दांड्यांवर प्लायवूड ठोकून, वर न घसरणारं रबर चिकटवून, ओट्याच्या या टोकापासून मोरीपर्यंत तीन इंच उंचीची सलग फळी बसवली. कडेला उतार. चढणं-उतरणं संपलं.

आई आधी कडाडली, "मला काय आता रेस लावायचीये?" दोन दिवस फळीवर पाय ठेवला नाही. तिसऱ्या दिवशी ती फळीवर उभी राहून नातवाला सांगत होती, "तेलाची बरणी दोन बोटं अलीकडे घे. आणि चिमट्याचा खिळा डावीकडे मार, माझा उजवा हात झाऱ्यात अडकलेला असतो." पुढच्या आठवड्यात मिसळणाच्या डब्याला स्वतंत्र जागा, त्याच्या पुढच्या आठवड्यात दिवा शेगडीच्या बरोबर वर. हँडब्रेकला तीन आठवडे लागले म्हणून हसणाऱ्यांना सांगतो, आईची यादी अजून संपलेली नाही. चाळीस वर्षांची थकबाकी आहे. व्याजासकट वसूल होणार.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. जिथे माणूस रोज बसतो, उभा राहतो, वाकतो, तिथली उंची आणि अंतर ठरवायचा अधिकार त्या माणसाचा. गवंड्याचा नाही, साहेबाचा नाही, प्लगचा तर नाहीच नाही. एस.टी.च्या ड्रायव्हरला विचारा, शाळेतल्या बाकावर गुडघे आपटणाऱ्या पोराला विचारा, शिलाई मशीनवर मान मोडून घेणाऱ्या बाईला विचारा. विचारायला खर्च येत नाही. करायला येतो, पण गुडघ्याच्या ऑपरेशनपेक्षा बोल्ट स्वस्त पडतो, हे कॉमर्सवाला म्हणून लिहून देतो.

आणि इथून पुढे कोणी तोंड भरून 'जरा अ‍ॅडजस्ट करा' म्हणालं, तर हाडं आवरून घ्यायच्या आधी एवढंच विचारावं : "करू की. पाना आणलाय का?"